परसबाग आहाराच्या फाइलीतून बाहेर काढा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,


जिल्हा परिषदेच्या शाळांत आधी शिक्षिका आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. निवृत्त माणसाकडं वेळ असतो आणि कारणे दाखवा नोटिशीची भीती नसते, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. नोकरीत असते तर ते ‘योग्य मार्गाने’ पाठवावं लागलं असतं आणि पंचायत समितीच्या आवक-जावक वहीतच मुक्कामाला राहिलं असतं.

विषय शाळेतल्या परसबागेचा आहे. आपल्या विभागाला तो नवा नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये शाळांमधल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या मध्यान्ह भोजनाच्या योजनेखाली. २०२१ मध्ये योजनेचं नाव बदलून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण झालं. बाग मात्र होती तिथेच, आहाराच्या फाइलीत राहिली. आपल्या राज्यात उत्कृष्ट परसबागेच्या स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात, शाळा हिरिरीनं भाग घेतात. याची मी टिंगल करणार नाही. ज्या आवारात बंद पडलेला हातपंप आणि घाणेरीचं झुडूप याखेरीज काही नव्हतं, तिथे वाफे झाले, कोथिंबीर उगवली, आमटीत शेवग्याच्या शेंगा आल्या. खिचडीवर ताजी कोथिंबीर पडली की मुलं दोन घास जास्त खातात, हे मी पंगतीत उभी राहून पाहिलं आहे.

पण फाइल आहाराची असल्यामुळे प्रश्नही आहाराचेच विचारले जातात. वाफे किती, भाज्या किती प्रकारच्या, किलो किती निघाली, फोटो काढला का, पाठवला का. त्या वाफ्यांपाशी कोणत्या इयत्तेचा कोणता तास झाला, हे कुणी विचारत नाही. मीही तपासणीच्या नमुन्यात तो रकाना कधी पाहिला नाही. आणि ज्याला रकाना नाही ते सरकारी कामात घडत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.

याचा परिणाम काय होतो, ते एका शाळेचं नाव न घेता सांगते. बाग तालुक्यात नंबर आलेली. तारेच्या जाळीचं कुंपण, बांबूचं फाटक काथ्यानं बांधलेलं, त्यावर सुवाच्य अक्षरात पाटी: ‘आत जाऊ नये. फुले तोडू नयेत.’ पाचवी-सहावीची चार धट्टीकट्टी मुलं आत पाणी घालत होती. पहिलीची मुलं वर्गात होती आणि बाई त्यांना बोलक्या भिंतीवरचा भोपळा छडीनं दाखवत होत्या. चित्र सुरेख होतं, ऑइलपेंटमधलं. खरा भोपळा खिडकीबाहेर दहा पावलांवर, जाळीच्या पलीकडं लोळत होता. बाईंना दोष देऊन उपयोग नाही. पहिलीची पोरं वाफ्यात सोडली तर रोपं तुडवणार, कच्च्या शेंगा ओरबाडणार, आणि पुढच्या आठवड्यात समिती येणार. स्पर्धेची बाग राखायची म्हटली की सगळ्यात आधी लहान मुलांना बाहेर ठेवावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बागेची खरी गरज याच वयाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर मानला: अंगणवाडी-बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. या वयाचं मूल हातानं विचार करतं. सातवीतल्या मुलाला परागीभवन फळ्यावर आकृती काढून कसंबसं समजावता येतं. पाच वर्षांच्या मुलाला ते फूल हातात देऊनच सांगावं लागतं, आणि गंमत म्हणजे त्याला ते सातवीतल्यापेक्षा लवकर कळतं.

भोपळ्याचंच घ्या. वेलावर आधी येणारी फुलं बहुतेक सगळी नर असतात. लांब, बारीक देठाची, दोन दिवसांत गळून जाणारी. घरोघरी मग तक्रार सुरू होते, की फुलं येतात पण फळ धरत नाही. नंतर मादी फुलं येतात, आणि त्यांच्या पाकळ्यांच्या खाली, देठाच्या टोकाला गोटीएवढा भोपळा आधीपासूनच असतो. हा फरक मोठ्यांच्या नजरेतून सुटतो. पहिलीच्या मुलांना चार फुलं दाखवून फक्त ‘यातलं वेगळं कोणतं’ एवढं विचारा. एक जण तरी ती गोटी शोधतो आणि मग सगळा वर्ग वेल चाळायला लागतो. त्यांना सांगायचं, की मधमाशी आली नाही तर ही गोटी पिवळी पडून गळेल. मग मधमाशी येते का याची राखण सुरू होते. नर फूल तोडून त्यातला परागदांडा मादी फुलाला हलकेच टेकवायचं काम सहा वर्षांचं पोर तोंडातून जीभ बाहेर काढून इतक्या मन लावून करतं, की तेवढा वेळ वर्गात शांत बसवायला आम्हाला पाच शिट्ट्या माराव्या लागतात. ज्या फुलाला आपण हात लावला त्याला सुतळी बांधायची. आठवड्यानं कोणती गोटी फुगली, कोणती गळली, ते मोजायचं. यात गणना आहे, तुलना आहे, अंदाज आहे, आणि अंदाज चुकला तर का चुकला हा प्रश्नही आहे.

एक अडचण आहे. भोपळ्याचं फूल भल्या पहाटे उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटतं. साडेदहाला प्रार्थना, मग हजेरी, मग भाषेचा तास, असं करत बागेशी पोचेपर्यंत फुलांनी दुकान बंद केलेलं असतं. शनिवारची शाळा सकाळची असते, शिवाय आपणच ‘आनंददायी शनिवार’ दिलेला आहे, तेव्हा ही फुलं शनिवारी. दोडक्याची तऱ्हा उलटी. त्याची फुलं दिवस कलल्यावर उमलतात, शाळा सुटल्यावर. त्यासाठी गृहपाठ द्यायचा: संध्याकाळी आजीला घेऊन शाळेत ये आणि कोण पाहुणा आला होता ते उद्या सांग. आजी आली की बियाणं येतं, राखुंडी लावून बी कसं ठेवतात ते येतं, आणि वर्षानुवर्षं शाळेच्या पालकसभेला न आलेली बाई वाफ्याच्या कडेला बसून गुरुजींना दोन गोष्टी सुनावते. पालकसंपर्काचं याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

दुसरं उदाहरण अळीचं. लिंबोणीवर किंवा कढीपत्त्यावर पानं कुरतडलेली दिसली की आम्ही फवारा शोधतो, कारण परीक्षकांना भोक पडलेलं पान चालत नाही. ती अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी. मोठी होताना हिरवी होते. तिला काडीनं डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदा पाहिलेलं मूल रात्री घरी दहा जणांना सांगतं. महिन्याभरात तिचं फुलपाखरू होतं. घाटाच्या बाजूची शाळा असेल तर ते राणी पाकोळीही असू शकतं, जिला आपल्या राज्यानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू केलं. राज्य फुलपाखराचं नाव स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करायचं आणि त्याची अळी कीड म्हणून मारायची, असं आमचं चाललं आहे. बागेतली एक लिंबोणी अळ्यांना दिली तर काही बिघडत नाही. तसा उल्लेख मात्र आपल्या परिपत्रकात लागेल, नाहीतर मुख्याध्यापक घाबरतील.

हे मी काही नवीन सांगत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलनं १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची शाळा काढली तेव्हा प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा चिमुकला वाफा दिला होता आणि भोवती सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे. इतक्या लांब जायचीही गरज नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ च्या सुमारास त्यांचं बालशिक्षणाचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉण्टेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर आणायची कुठून? त्यांनी बिया, पानं, खडे, शिंपले घेतले. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली. थोरली मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शिक्षक कुरणात गेले. कुरणशाळा म्हणत त्याला. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. आज मी ज्या अंगणवाड्या पाहते त्यांतल्या कितीतरींना उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. निधी आला की आधी ब्लॉक. मार्च-एप्रिलमध्ये अकरा वाजता त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहावा.

वर्गाबाहेर गेल्यानं डोळ्यांनाही फायदा होतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक अभ्यास झाला. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी बाकीच्या शाळांतली ३९.५ टक्के मुलं लघुदृष्टीची झाली होती, उघड्यावर जाणाऱ्या शाळांतली ३०.४ टक्के. मोबाइलवर डोळे लावून बसणाऱ्या आपल्या मुलांना हे लागू पडेल की नाही याची चर्चा तज्ज्ञांनी करावी. चाळीस मिनिटं बाहेर काढायला मात्र पैसे पडत नाहीत.

मातीचं तसंच. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणातल्या खडीवर जंगलातली माती आणि गवत आणून पसरलं, तर २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंमध्ये विविधता वाढली. पण फिनलंडची माती आणि आपली माती यांत फरक आहे. आपल्याकडं अंकुशकृमी तळपायातून शरीरात शिरतो, आणि शाळांमध्ये जंतनाशक दिन उगीच पाळला जात नाही. म्हणून बागेत जाताना पायात चप्पल आणि बाहेर आल्यावर साबण, याला पर्याय नाही. कुंपणाला कण्हेर लावू नये. धोतरा, गुंज, एरंड, चंद्रज्योत आवारात दिसली की मुळासकट काढावी. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन मुलांना दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. पावसाळ्यात गवत वाढू न देणं आणि पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीनं हलवून पाहणं, एवढं विंचू-सापांसाठी. खेड्यातल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. शहरातून बदलून आलेल्या गुरुजींना शिकवावं लागतं.

शिक्षक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण मीही तेच म्हणत आले. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात एक जण मीटिंगला. शिवाय निपुण भारतची मुदत डोक्यावर: अमुक तारखेपर्यंत तिसरीच्या मुलाला इतके शब्द मिनिटाला वाचता आले पाहिजेत. यात बाग कुठे बसवायची? माझं उत्तर असं, की बागेचा तास वेगळा विषय म्हणून घातला तर तो बोजा होईल आणि महिन्यात बंद पडेल. तो भाषेचा आणि गणिताचाच तास धरायचा. मेथी पेरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब येतात. एका ओळीत दहा बिया पेरल्या, सात उगवल्या, किती राहिल्या? वेल आज किती वीत, परवा किती होता? वीत माझी आणि तुझी सारखी का नाही? देठ, कोंब, कळी, पेर, बेचकं, तण, मोड हे शब्द पुस्तकात येतात तेव्हा मुलं ते नुसते वाचतात. वाफ्यात येतात तेव्हा त्यांवरून भांडतात, आणि भांडताना जी भाषा सुटते ती कोणत्याही वाचनपाठाला ऐकत नाही. घरी भिली, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला तर पानाचं आपलं नाव सांगून बाईंना शिकवण्याची संधी मिळते. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे ८०० तास अध्यापन ठरवलं आहे. बागेतला तास या आठशेत मोजावा, असं दोन ओळींत लेखी द्या. तोंडी आश्वासनावर कुणी वर्ग बाहेर नेत नाही.

जागेचा बाऊ करू नये. गुंठाभर बाग आहाराला लागते. शिकायला खोलीएवढी जागा पुष्कळ झाली. महत्त्व रुंदीला आहे. पाच वर्षांच्या मुलाचा हात वाफ्यात दीड फुटापर्यंत पोचतो. म्हणून वाफा दोन्ही बाजूंनी मोकळा आणि तीन फुटांच्या आत हवा. पाच फुटांचा वाफा केला की मूल मध्ये पाय ठेवणारच, आणि मग आपण त्याला ओरडणार. मोठ्यांचं खुरपं त्याच्या हाताला जड पडतं, तेव्हा छोट्या खुरप्या लोहाराकडून करून घ्याव्यात. झारी विकत घ्यायचीही गरज नाही, तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली की झालं. आणि एक वाफा असा असू द्यावा, जिथे काहीच लावलेलं नाही, नुसतं उकरायला. गांडूळ तिथेच सापडतं. शहरातल्या ज्या शाळांना जमीनच नाही, त्यांच्या गच्चीवर कापलेली पिंपं चालतील, पण मुलांना तिथे रोज जाता आलं पाहिजे. शिपायाकडं किल्ली असलेली गच्ची काही कामाची नाही.

पाण्याची गोष्ट थोडी वेगळी. जेवणाआधी हात धुण्याच्या नळांखालचं पाणी बागेत वळवलं तर पावसाळा सरल्यावरही अळू आणि केळ तग धरते. मे महिन्याचं काय, याला माझ्याकडं गोड उत्तर नाही. सुट्टीत स्वयंपाकी ताईंनी पाणी घालावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईकडून हे काम फुकट करून घेणं मला पटत नाही. एक तर त्याचे वेगळे पैसे द्या, नाहीतर बाग मे महिन्यात वाळते हे मान्य करून टाका. जूनमध्ये पुन्हा वाफे करणं हाही मुलांसाठी धडाच आहे. परीक्षकांनी एप्रिलमध्ये येऊन वाळलेल्या वेलीचे गुण कापू नयेत म्हणजे झालं.

ऊसतोडीच्या भागातल्या शाळांचा मात्र आवर्जून विचार व्हावा. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर जातात. ऑक्टोबरमध्ये हरभरा पेरायचा आणि फेब्रुवारीत हुळा खायचा हे वेळापत्रक गावात राहणाऱ्यांचं आहे. बीडकडच्या मुलाला स्वतः पेरलेलं स्वतः खायला मिळायचं असेल तर पेरणी जूनमध्येच व्हायला हवी. लाल माठ महिन्याभरात येतो. जूनच्या मध्याला लावलेली भेंडी झेंडावंदनापर्यंत तोडायला येते. गवार, काकडी, मेथी हे सगळं दिवाळीआधी आटोपतं. बागेचं नियोजन जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं लागेल, ते मंत्रालयातून एका नमुन्यात पाठवू नये.

राहिला खात्यांचा प्रश्न. तीन ते सहा वर्षांची मुलं महिला व बालविकास विभागाच्या अंगणवाडीत बसतात, पहिलीपासून ती आपली होतात. पुष्कळ गावांत अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे, पण बाग शाळेची म्हणून अंगणवाडीताई तिथे मुलं नेत नाहीत आणि शाळा बोलवत नाही. दोन्ही खात्यांच्या सह्यांचं एक संयुक्त पत्र निघालं तर हा संकोच सुटेल. आवारात ब्लॉक बसवताना काही भाग मातीचा मोकळा ठेवावा, हे ग्रामपंचायतींना कळवण्यासाठी ग्रामविकास विभागाचीही सही लागेल. तीन सह्या मिळवणं किती कठीण असतं याची मला पूर्ण कल्पना आहे.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. गुण देण्याची रीत तेवढी बदला. परीक्षकांनी वजनकाटा आणू नये. त्यांनी पहिलीच्या कोणत्याही एका मुलाला, शिक्षकांनी पुढे केलेल्या मुलाला नव्हे, सोबत घेऊन बागेत एक फेरी मारावी आणि त्याला विचारावं, की तुझं यात कोणतं. मूल कुठे थांबतं, किती वेळ बोलतं, शिक्षकांकडं बघत बोलतं की झाडाकडं, यावर निम्मे गुण ठेवा. शाळा बरोबर त्याच दिशेनं वळतील. गुणांच्या मागे जाण्यात आमच्या शाळांचा हात कुणी धरू शकत नाही.

एक विनंती वेळेबद्दल. असा काही शासन निर्णय काढायचं मनात आलंच तर तो एप्रिलअखेर निघावा. जूनच्या मध्याला शाळा उघडते, त्याआधी बी गोळा करायला, वाफे आखायला आणि लोहाराकडं खुरप्या टाकायला महिनाभर लागतो. ऑगस्टमध्ये निघालेला निर्णय आमच्याकडं सप्टेंबरमध्ये पोचेल, आणि तोवर भेंडी जून झालेली असेल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख